काळीपिवळीतली मधली सीट

रिसोडला एप्रिलमध्ये भर दुपारी रस्त्यावर ओळखीचं माणूस शोधणं अवघडच. दुचाकीवरच्या मुलींचे नुसते डोळे दिसतात. कपाळ, कान, मान आणि मुख्य म्हणजे केस सुती स्टोलच्या आत. बाप्यांच्या डोक्याला पांढरा दुपट्टा. कारण विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच: ऊन. विदर्भातलं ऊन हे कारण इतकं भक्कम आहे, की त्यापुढे उलटतपासणी चालत नाही. ढगाळ दिवशीही स्टोल सुटत नाही, आणि त्याच्याआड गल्लीतल्या काकांनाही मुलगी ओळखू येत नाही, ही सोय मात्र कुणी बोलून दाखवत नाही.

सोयाबीनच्या हंगामात कारण बदलतं. मळणीयंत्र सुरू झालं की कुटार आणि धूळ थेट केसांत शिरते. मग साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला करकचून रुमाल. इथे फॅशनचा संबंध नाही असं म्हणावं, तर रुमालाचा रंग साडीला जुळतो की नाही हे शेजारचीनं पाहिलेलं असतंच.

खरी भानगड घरात होते. अशाच एका घरातली कॉलेजात जाणारी नात रात्री ओलसर केसांच्या बटा जुन्या लुगड्याच्या चिंध्यांवर गुंडाळत बसली होती. आजीनं दारातूनच हाक दिली.

“काय वं पोरी, डोक्याले मार लागला काय?”

“कुरळे करून राहिली मी, आजी.”

“कुरळेवाल्या पैसे देऊन सरळ करून घेतात, अन् तू फुकटात झोप मोडून राहिली!”

झोप मोडते खरी, पण कारागिरी पक्की आहे. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचे असतात. केस ओला झाला की त्यातले हायड्रोजन बंध तुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. ओला केस कमजोरही असतो, म्हणून न्हाल्यावर टॉवेलनं खसाखसा पुसण्यापेक्षा पंचा हलकेच गुंडाळलेला बरा. अडचण एवढीच, की पाणी पुन्हा लागलं की बंध पुन्हा तुटतात. सकाळी चिंध्या सोडल्या तेव्हा नातीच्या बटा झोकात लोंबत होत्या. मग उन्हापासून त्यांचं रक्षण व्हावं म्हणून तिनं त्यांवर स्टोल आवळला, गाडीला किक मारली आणि घामानं निथळत कॉलेज गाठलं. रात्रभराच्या गुंडाळणीनं कमावलेलं अर्ध्या तासाच्या गुंडाळणीनं घालवलं.

यावर तिला मोबाइलमध्ये साटीनची टोपी सापडली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया रात्री अशी टोपी घालतात, कारण सुती उशीवर केस घासतो आणि सूत केसांतलं तेल शोषतं. साटीनवरून तो घसरतो. त्यांच्या डोक्यावरच्या कापडाला मोठा इतिहास आहे. 1786 मध्ये लुइझियानाचा गव्हर्नर एस्तेबान मिरो यानं फर्मान काढलं, की कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस कापडाखाली झाकावेत; त्यांचा थाट त्याला खुपत होता. बायकांनी हुकूम पाळला, पण असे झळझळीत रुमाल बांधले, की झाकलेली डोकी उघड्या डोक्यांपेक्षा जास्त मिरवू लागली. गव्हर्नरनं आधी रिसोडच्या एखाद्या आजीला विचारायला हवं होतं.

नातीनं टोपी मागवली नाही. आजीच्या पेटीत साटीनचा जुना परकर होता.

केसांचा सोस या भागाला नवा नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. तिथल्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याच्या अनेक लेण्यांचं काम झालं. सतराव्या लेण्यात एक राजकन्या आरसा धरून प्रसाधन करताना रंगवली आहे. तिच्या वाटेत ना मळणीयंत्र होतं, ना वाहतूक पोलीस.

पोलिसाचा मुद्दा गंभीर आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 129 चालवणाऱ्यालाही हेल्मेट सांगतं आणि मागे बसणाऱ्यालाही. पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यातून सूट आहे. अंबाडा बांधणाऱ्यांना नाही. स्टोल घालून वर हेल्मेट चढवलं तर अंबाडा आडवा येतो, अंबाडा सोडला तर बटा चेपतात. कवटीपेक्षा बटा महत्त्वाच्या, असं म्हणण्याची सोय नाही. नातीनं मुकाट्यानं मानेशी सैल वेणी घातली आणि कुरळ्या बटांचा बेत मावसबहिणीच्या लग्नावर ढकलला.

त्या दिवशी तिनं गाडी घरी ठेवली. काळीपिवळीत आजीनं धावत जाऊन तिच्यासाठी खिडकी धरली होती. नातीनं ती एका अनोळखी काकूंना देऊन टाकली आणि मधल्या सीटवर, दोन जाड बायकांच्या मध्ये, वारा लागणार नाही अशा बेतानं चेपून बसली.

“काहून वं, खिडकी नको झाली?” आजी म्हणाली.

“ऊन लागते,” नात म्हणाली.