सतरा गुंठे विका, संतुलन साधा

इंद्रायणी भाताच्या खाचरातले सतरा गुंठे विकून रोखे फंड घ्या, असा सल्ला परवा एका मोबाइलने दिला. सल्ल्याखाली हिरवं बटण होतं : 'संतुलन साधा'. एकदा दाबलं की काम फत्ते.

मोबाइल अप्पांचा. हे अप्पा तुमच्या ओळखीचे आहेत. वडगाव, कामशेत, पवनानगर, कुठल्याही टपरीवर चहा सांगा, तो येईपर्यंत एक अप्पा येतात. थोडी जमीन गेली, थोडी राहिली. गेलेल्या जमिनीचे पैसे आधी गाडीत गेले, मग स्लॅबमध्ये, आणि उरलेले पोराने हट्टाने फंडात घातले. पूर्वी अप्पा एकच टक्केवारी विचारायचे, पवना धरण किती भरलं त्याची. आता सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० टक्क्यांशिवाय तोंड उघडत नाहीत.

संतुलनाच्या मूळ तत्त्वात खोट नाही. शेअर ६० टक्के, रोखे ३०, सोनं १० असं एकदा ठरवायचं. शेअर वाढून ७० वर गेले की वाढलेलं थोडं विकायचं आणि मागे राहिलेलं घ्यायचं. वर्षातून एकदा वही काढून बसलं तरी निभतं. पण सगळे वर्षातून एकदाच बसले तर ॲपवाल्याने काय खायचं? म्हणून ॲप रोज तांबड्या अक्षरांत कळवतं : 'आपण असंतुलित आहात.' हे अप्पांना घरातून आजवर अनेकदा ऐकवलं गेलंय, पण छापील स्वरूपात प्रथमच आलं. शेअर फंड वर्षाच्या आत विकला की नफ्यावर २० टक्के कर, वर्षानंतर विकला तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा, हे त्या तांबड्या अक्षरांत नसतं. ते मार्चअखेर कळतं, आणि सी.ए.कडून कळतं.

खरा घोळ घातला तो 'इतर मालमत्ता' या रकान्याने. पोराने तिथे जमीन भरली. ॲपला गुंठा कळेना, त्याला चौरस फूट हवे. मग गुंठ्यांना १०८९ ने गुणून झालं. पुढचा प्रश्न : 'आजचा भाव?'

मावळात जमिनीला आजचा भाव विचारणारा माणूस एकतर भोळा असतो नाहीतर मुंबईचा. इथे एका सातबाऱ्याला तीन भाव असतात. एक रेडीरेकनरचा, तो मुद्रांकापुरता. दुसरा एजंटाचा, तो समोरच्याची गाडी बघून ठरतो. तिसरा मेहुण्याचा, म्हणजे 'मी सांगत होतो तेव्हा विकली असतीस तर' या वाक्यातला. पोराने एजंटाचा भरला आणि तिथून ॲपचं डोकं फिरलं. सोमवारी टपरीवर बातमी आली, रिंगरोड इकडूनच जातोय. पोराने भाव दुप्पट केला. ॲप म्हणालं, जमीन फार झाली, विका. गुरुवारी दुसरी बातमी, रस्ता पलीकडून जातोय आणि आपल्या गटावर आरक्षण पडलंय. भाव निम्मा. ॲप म्हणालं, जमीन कमी पडली, घ्या. घ्या म्हणजे कुणाची? शेजारी थोरले बंधू, त्यांच्याशी बांधावरून कोर्टात तारखा चालू. शनिवारी कुणीतरी गाडी थांबवून नुसता पत्ता विचारला, तर भाव पुन्हा चढला. आठवडाभरात त्या खाचराने शेअर बाजाराला लाजवेल अशा उड्या मारल्या आणि प्रत्यक्षात तिथे काय झालं? पाऊस लागला, चिखलणी झाली, आवण लावून झालं. त्याला ॲपमध्ये रकाना नाही. भात पिकतं, घरात वर्षभर शिजतं, लेकीच्या घरी पोतं जातं, याचा परतावा शून्य. ॲपच्या लेखी ती जमीन 'निष्क्रिय मालमत्ता' आहे. गुडघाभर चिखलात ओणवं राहून लावणी करणाऱ्या बायांना हे कुणीतरी एकदा समजावून सांगावं. सांगणाऱ्याने बांधावरच उभं राहावं, पळायला सोपं जातं.

आता ते बटण. सातबाऱ्यावर बावीस नावं. त्यातल्या चार आत्या, एक चुलता परागंदा, दोघं वारले पण वारसनोंद बाकी. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा वाटेल तेवढा तुकडा तोडू देत नाही. घेणारा शेतकरी नसेल तर परवानगीचं वेगळं प्रकरण. मग मोजणी, खरेदीखत, फेरफार, हरकत. आणि ॲप सांगतं, एकदा दाबा!

तरी अप्पांना हसणं सोपं आहे. त्यांच्या बोटाने खाचर विकलं जात नाही. जातं ते दुसऱ्याच बोटाने. दूर कुठल्या तरी विसाव्या मजल्यावर कुणाच्या तरी मोबाइलमध्ये अशाच ॲपवर टक्क्यांचं एक गोल चित्र असतं, आणि त्यात जांभळ्या रंगाची चिंचोळी फाक असते : 'इतर, ५ टक्के'. ती फाक म्हणजे पवनेच्या काठावरचं आमचं आख्खं शिवार. ठरलेले पाच टक्के भरायचे म्हणून डोंगर कापला, ओढा बुजवला, कुंपण घातलं, तरणतलाव केला. वर्षातले मोजके शनिवार सोडले तर बंगल्याला कुलूप. फाटकावर राखणदार कोण? ज्याचं शेत होतं तोच, महिना पगारावर. त्या माणसाची जन्माची पुंजी कुणाच्या तरी हिशेबात जोखीम कमी करायला कामी आली. त्याची जोखीम कुणी मोजली? लोणावळ्यात रविवारी गाड्यांची रांग लागते, आमच्या रुग्णवाहिकाही त्याच रांगेत, तेव्हा कुणाच्या मोबाइलवर तांबडी अक्षरं येतात? गुंतवणूक विखुरलेली असावी म्हणतात. विखुरली की! गावंच्या गावं विखुरली.

ॲपवाल्यांना फुकटचा सल्ला : जमिनीचा भाव विचारण्याआधी 'सह्या किती लागतील?' एवढा एक रकाना घाला. त्यात बावीस भरले की हिरवं बटण बंद पडलं पाहिजे. मावळात जी काही जमीन अजून शाबूत आहे, ती भाऊबंदकीच्या कृपेने. चार आत्या सही देत नाहीत तोवर आमचा समतोल ठीक आहे.