सहाशेवाले

माणसाची ओळख गावावरून, फार तर आडनावावरून होते, असं आमच्या बारामतीकडे मानतात. भिगवणच्या पाण्यावर मात्र ती मिलिमीटरवरून होते. "ते कोण?" "चारशेवाले." "आणि ते पलीकडचे?" "दीडशे-सहाशे." चारशेवाल्यानं सहाशेवाल्याला आधी नमस्कार करायचा असतो. आणि ज्याची सहाशेची लेन्स झूम नसून प्राइम असते, तो नमस्कार नुसता घेतो. हे चित्र त्या नमस्कार घेणाऱ्याचं आहे.

एरवी हा माणूस सज्जन. पुण्यात बरी नोकरी, बायको, एक मुलगी, इंदापूर तालुक्यात चुलत्यांबरोबर सामाईक जमीन. आधी त्याच्याकडेही झूम होती. पण झूमला म्हणे शार्पनेस नसतो. म्हणून ती विकून, वर कर्ज काढून, त्यानं ज्या पैशांत चारचाकी आली असती अशी लेन्स आणली. तिला मांडीवर घेऊन बसता येतं, पट्टा लावता येतो, धूळ लागू नये म्हणून अंगडं घालता येतं. बायको गाडीत मागे बसते.

सोमवार ते शनिवार याला सातला उठवायचं तर हलवावं लागतं. रविवारी पहाटे साडेतीनला तो आपण होऊन उठतो. अंगात हिरवी-काळी जंगली नक्षीची पँट, तसाच शर्ट, तशीच टोपी. हा पोशाख घनदाट रानात लपण्यासाठी शिवलेला असतो. इंदापूरच्या पिवळ्याधमक माळावर, जिथे मैलभर बाभळीशिवाय उभं काही नाही, तिथे हा हिरवा माणूस पाखरांनाच काय, सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनाही दिसतो.

कुंभारगावच्या काठावर पोचेपर्यंत उजाडतं. भीमेवर उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं, पाणी चढलं, गावं बुडाली. जुन्या पळसदेवाचं देऊळ अजूनही पाणी उतरलं की वर येतं. थंडी सरता सरता पाणी मागे हटू लागतं, चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि त्यांवर रोहित उतरतात. मान खाली, चोच उलटी, चिखलपाणी गाळून खाणं चालू. चिलापी धरणारी इथली माणसं हिवाळ्यात पाहुण्यांना होडीतून फिरवतात आणि आता फोटोतलंही सगळं शिकली आहेत. "सर, लाईट पाठीवर घेऊ का? जरा खाली वाका, आय लेव्हल मिळंल." आमच्या गृहस्थाला हे शिकायला महागडी कार्यशाळा करावी लागली होती. म्हणून तो जरा नाराज असतो.

आणि रोहित? ते नवशिक्यांचं काम. गुलाबी, पुष्कळ, एका जागी उभे. त्यात कसब काय? तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस तो एका नजरेत निकालात काढतो : "मागच्या वर्षी झाले." त्याला हवा असतो फक्त उड्डाणाचा फोटो. पण तो स्वतः पक्षी कधी उडवत नाही, होडीवाल्यालाही उडवायला सांगत नाही. तत्त्वाचा माणूस आहे. दुसऱ्या होडीतल्या कुणीतरी तत्त्व सोडावं, एवढीच वाट बघत बसतो. तसं कुणी केलंच, तर आधी सेकंदाला वीसच्या वेगानं फोटो काढतो आणि मग "काय हा निर्लज्जपणा!" असं ओरडतो. क्रम कधी चुकत नाही.

दुपारी भिगवणला मासळीचं ताट. काट्यात बोटं, नजर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर. मुलगी विचारते, "बाबा, आपण आज कुठले पक्षी बघितले?" तो म्हणतो, "घरी गेल्यावर कळेल."

खरी भक्ती उन्हं कलल्यावर, कडबनवाडीच्या माळावर. वन विभागानं इथे आणि बारामती तालुक्यातल्या शिरसुफळला गवताळ माळाची सफारी सुरू केली. नाहीतर हा माळ म्हणजे सरकारच्या हिशोबी पडीक, आणि आमच्या हिशोबी कधीतरी कारखाना होईल अशी जागा. इथे धाविक चार पावलं पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. भोवत्या गवतावर तरंगत नाकतोडे शोधतात आणि अंधार पडला की जमिनीवरच मुक्काम करतात. या भोवत्यांची मादी पॅलिड की माँटेग्यू, यावरून याचं एका जिवलग मित्राशी बोलणं बंद आहे. तिच्या गळ्यापाशी फिकट पट्टी आहे की नाही, एवढाच वाद.

आणि ते छोटे, मातकट, ढेकळाच्या रंगाचे पक्षी! चंडोल की तीरचिमणी? पाखरू जितकं मळकं, तितकी याची श्रद्धा जास्त. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेल्या जातीला हे लोक 'लाइफर' म्हणतात. याला लग्नाची तारीख आठवावी लागते, लाइफरची वेळसुद्धा पाठ असते.

माळावर मेंढरं राखणारे एक मामा भेटतात. हा काच खाली करून विचारतो, "मामा, इकडे लांडगा दिसतो का?"

"दिसतो की. राती आला हुता. कोकरू न्हेलं."

"अरेरे!" हा मनापासून हळहळतो. "रात्री? म्हणजे लाईट नव्हताच."

मामा बराच वेळ गाडीकडे बघत राहतात.

आता इंदापुरातली गोष्ट. तिथल्या तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाकांची वसाहत आहे. पिवळी लांब चोच, पंखांवर काळी नक्षी, शेपटीकडे गुलाबी पिसं. खाली दाखले, नकला, वारसनोंदी. वर घरटी, पिल्लं, कलकल. अर्जदारांच्या डोक्यावर वरून काय पडेल याची खात्री नाही आणि खिडकीतून काय मिळेल याचीही. सहाशेवाला इतकी वर्षं इंदापुरातून जायचा, पण तिथे थांबला नव्हता. कचेरीत राहणारा पक्षी हा काय पक्षी झाला? ना चालणं, ना लपणं.

पण चुलत्यांनी जमिनीचं प्रकरण काढलं आणि त्याला तिथे जावंच लागलं. लेन्स अर्थातच बरोबर. वारसनोंदीच्या रांगेत उभं असताना डोक्यावर एक मोठा बलाक उतरला आणि पिल्लांनी एकच गिल्ला केला. याचा हात सवयीनं लेन्सकडे गेला. डोळा लावला, तर आत नुसती चोच. जरा हलवली, तर नुसता डोळा. पुन्हा हलवली, तर एक गुडघा. प्राइम लेन्स, मागे-पुढे व्हायचं तर ज्याचं त्यानं व्हायचं. तो पाच पावलं मागे सरला, मग दहा. रांगेतला नंबर गेला. मग फाटक, मग फाटकाबाहेर. तरीही एक पंख चौकटीबाहेरच. मागून एका दुचाकीनं हॉर्न दिला तसा तो वैतागून ओरडला, "एवढ्या जवळ येऊन बसतात म्हणजे काय!"

फाटकाशी सातबाऱ्याची घडी हातात धरून बसलेले एक आजोबा हे सगळं मघापासून बघत होते. ते म्हणाले, "पाव्हणं, मोबाइल न्हाई व्हय तुमच्याकडं?"