मुकादम

‘तिथून एसटी जाते का?’ मुकादमचा हा एकच प्रश्न असतो. कुणी हौसेने मोबाइलवर एखादा रस्ता दाखवावा, मुकादमने चष्मा कपाळावर चढवून तो निरखावा आणि एवढंच विचारावं. जाते, असं उत्तर आलं की रस्ता बाद. कोल्हापूरकराला फिक्क्या रश्श्याबद्दल जेवढं प्रेम, तेवढं मुकादमला डांबराबद्दल.

त्याचं पाळण्यातलं नाव निराळं आहे. दिवसभर तो विमा कंपनीत बसून लोकांच्या अपघाताच्या दाव्यांत खोट काढतो आणि संध्याकाळी कट्ट्यावर येऊन आम्हाला सैल खडीवर गाडी कशी घालायची ते शिकवतो. खडी, मुरूम, जांभा या विषयांवर त्याचा एवढा अधिकार, की बांधकाम खात्यातल्या माणसानेही बिचकावं. ‘खडीवर पुढचा ब्रेक म्हणजे थेट दवाखाना.’ ‘हँडल आवळू नका, गाडीला नाचायचं तेवढं नाचू द्या.’ ‘चाकातली हवा थोडी उतरवा, फूटरेस्टवर उभे राहा.’ हे उभं राहणं तो टपरीच्या बाकड्यावर चढून, गुडघे वाकवून करून दाखवतो. टपरीवाला आता त्याच्याकडे बघतही नाही.

दिवाळी सरली की कोकणातल्या चार दिवसांच्या मोहिमेचं नियोजन सुरू होतं. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ, गणपतीत चाकरमान्यांची गर्दी, मार्चमध्ये पोरांच्या परीक्षा आणि शिमगा, मे महिन्यात घाम आणि लग्नं. उरतात डिसेंबर-जानेवारी, आणि त्यात कुणाच्या तरी मेव्हण्याचा साखरपुडा असतोच. मुकादम खचत नाही. तो ग्रुपवर एक्सेल शीट टाकतो. टाकी किती लिटरची, ॲव्हरेज काय, क्लचकेबल जादा आहे का, झोपेत घोरता का, रक्तगट कोणता. एकाने रक्तगटापुढे ‘बी पॉझिटिव्ह’ लिहिलं, तर मुकादमने ‘उपदेश नको, माहिती भरा’ असं उलट सुनावलं. शीटच्या तळाला सामानाची यादी असते आणि तिच्यात दरवर्षी ‘हेल्मेट, जादा, नग एक’. कशाला, असं विचारून आम्ही खूप हसून घेतलेलं आहे.

वास्तविक रस्ता सरळ आहे. ताम्हिणी उतरायची, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत बागमांडल्याला फेरीबोटीत गाड्या घालायच्या आणि वेसवीला उतरायचं. पुढे दाभोळ-धोपावे, मग तवसाळ-जयगड अशा आणखी दोन खाड्या बोटीतून. साध्या माणसाला एवढं सुख पुरावं. मुकादम मात्र उपग्रहाच्या नकाशात डोळे फोडून दोन वाड्यांच्या मधली केसाएवढी रेघ हुडकतो आणि तीवर आम्हा सगळ्यांचे मणके पणाला लावतो. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं नाव काढलं की त्याचं तोंड सुतकी होतं.

तरी एसटी त्याला सोडत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून ती लाल गाडी बहुधा याच्याच मागावर आहे. एकदा राजापूरकडच्या सड्यावर कातळशिल्पं बघायला त्याने आम्हाला अशा आडवाटेने नेलं, की दाढेत भरलेलं सिमेंट हललं. माणूस नाही, झाड नाही, नुसता काळा कातळ आणि तांबडी धूळ. मुकादमने गाडी थांबवली, हेल्मेट काढलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, ‘बघा. इथे कोण येणार आहे?’

मागून हॉर्न वाजला. वस्तीची गाडी होती. आम्ही निमूटपणे कडेला झालो. ज्या वाटेवर आम्ही फूटरेस्टवर उभे राहून देवाचा धावा करत आलो होतो, तिथे त्या गाडीचा कंडक्टर खिडकीला डोकं टेकून खुशाल पेंगत होता. मुकादम दोन दिवस बोलला नाही. ती आमची सर्वात सुखाची राईड.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. नियोजन त्याचं, पण तो कधीच पुढे नसतो. शेपटाला राहतो. एखाद्याची चेन उतरते, एखाद्याचं पोट बिघडतं, एखाद्याला घरून फोन येतो, त्या सगळ्यांसाठी मागे कुणीतरी लागतं म्हणून. खडीच्या रस्त्यावर शेवटच्या माणसाच्या वाट्याला रस्ता येतच नाही, येते फक्त पुढच्यांची धूळ. मुक्कामावर पोचतो तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा जांभ्याच्या झालेल्या असतात.

आणि ती खडी तरी कसली? आम्ही जिला ‘ऑफरोड’ म्हणून मिरवतो ती काही निसर्गाने अंथरलेली नसते. आधी खडी, तीवर मुरूम, मग रोलर, मग डांबर असा तो क्रम असतो. कुठे तरी बिल निघतं, रोलर निघून जातो, डांबर यायचं राहून जातं. त्या राहून गेलेल्या कामावर आम्ही दहा-दहा हजारांचे बूट घालून साहस करायला जातो.

संगमेश्वरच्या आतल्या अंगाला अशाच एका रस्त्यावर, मोरीच्या कठड्यावर एक आजोबा बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारं एक्सरेचं पाकीट. आम्ही सगळे त्यांच्या अंगावर धूळ उडवत पुढे निघून गेलो. मुकादम शेवटी होता, म्हणून तो थांबला.

‘मागनं यष्टी येताना दिसली काय हो?’ आजोबांनी विचारलं.

दिसली नव्हती. रस्ता उखडल्यापासून सकाळची गाडी कधी येते, कधी फाट्यावरूनच मागे वळते, असं आजोबांनी सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता म्हणे. वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मुकादमने मागचं सामान सोडून मोरीखाली ठेवलं, जादाचं हेल्मेट आजोबांच्या टोपीवरून चढवलं, आणि जन्मात पहिल्यांदा खडी टाळत, कडेकडेने, पहिल्या गिअरमध्ये फाट्यापर्यंत आला. तिथून डांबराने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. नंबर लागेपर्यंत बसला, गोळ्या घेऊन दिल्या, आजोबांना परत सोडलं. आम्ही तेव्हा मुक्कामावर सुरमई चापत ‘मुकादम रस्ता चुकला’ म्हणून हसत होतो. हे सगळं दुसऱ्या दिवशी सामान घ्यायला मोरीपाशी गेलो तेव्हा कळलं. तेही आजोबांच्या सुनेकडून.

माणूस सुधारला असं समजू नका. परतीच्या वाटेवर वरंध घाटाचं नाव कुणी काढताच ‘तिथून एसटी जाते’ म्हणून त्याने तोंड फिरवलंच. यंदाच्या शीटमध्ये मात्र एक नवा रकाना आला आहे. वाटेतल्या प्रत्येक वाडीपुढे तालुक्याला जाणाऱ्या गाडीची वेळ त्याने आगारात फोन करकरून भरली आहे. एसटी टाळता यावी म्हणून, असं तो सांगतो. आम्हीही त्यावर विश्वास ठेवल्यासारखं करतो.

जानेवारीतला मुहूर्त ठरला आहे आणि अजून दोन जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी जरूर यावं. पाठीचा पट्टा आणावा, मेव्हण्याचा साखरपुडा आधी उरकून घ्यावा, आणि कृपा करून रक्तगट भरावा.