मु. पो. पिंपळनेर, लाभार्थी वय साडेतीन

प्रति,
चि. लाभार्थी,
पांझराकाठ, पिंपळनेर, ता. साक्री, जि. धुळे

विषय : दिवाळीनंतर विनापरवाना गाव सोडण्याबाबत.



तुझ्या आईबापांनी तुझं काही नाव ठेवलं असेलच. ती घरगुती बाब झाली. आम्ही तुला लाभार्थी म्हणतो. हे पत्र आईकडून वाचून घे. तिला वाचता येत नसेल तर काळजी नको, तीही लाभार्थीच आहे, तिचं पत्र वेगळं निघेल.

तक्रार अशी, की तुझ्यासाठी व्यवस्था उभारायला आम्ही पन्नास वर्षं खपलो आणि तू ऐन मोसमात नाहीसा होतोस. 2 ऑक्टोबर 1975 ला देशभरात 33 प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. आपल्या राज्यात तिचा पहिला मान मेळघाटातल्या धारणीला मिळाला. आता राज्यात तिच्या सुमारे 1 लाख 10 हजार अंगणवाड्या आहेत. 2030 पर्यंत देशातल्या प्रत्येक बाळाला बालशिक्षण मिळेल, असं 2020 चं शैक्षणिक धोरण म्हणतं. तोवर तू दुसरी-तिसरीत जाशील, पण धोरणाचं वय तुझ्या वयाशी जुळलंच पाहिजे असा काही नियम नाही.

हक्काचं विचारशील तर तो सहाव्या वाढदिवसाला सुरू होतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात तीन ते सहा वयाच्या पोरांची सोय सरकार ‘करू शकेल’ असं आहे. घटनेच्या 45 व्या कलमात राज्य त्यासाठी ‘प्रयत्न करील’ असं आहे. मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाआधीच होते, हेही त्याच 2020 च्या धोरणात छापलेलं आहे. म्हणजे आधी मेंदू घडून होतो, मग हक्क मिळतो. घाई कशाला?

तुझ्या ताटाचाही हिशेब आहे. जुन्या निकषात तो दिवसाला 500 कॅलरी, 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं, वर्षातले 300 दिवस असा होता. त्यासाठी केंद्राच्या दरात कितीतरी वर्षं 8 रुपये होते. पिंपळनेरच्या स्टँडवर 8 रुपये पुढे करून बघ, चहावाला आधी तुझ्याकडे बघेल, मग रुपयांकडे. (आदिवासी पट्ट्यात अमृत आहार योजनेतून अंडं किंवा केळं मिळतं, ही गोष्ट खरी आणि चांगली आहे. पण ती इथे फार सांगितली तर पत्राचा सूर बिघडतो.)

अंगणवाडीतल्या ताईवर रुसू नकोस. ती तुला गाणी शिकवणार होती, पण आधी माहिती भरायची असते. तुझं वजन, तुझी उंची, शिजवलं किती, जेवले किती. 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी कंटाळून सरकारी मोबाईल परत केले. 4 डिसेंबर 2023 पासून दीड महिन्याहून जास्त संप केला. त्यांना मिळतं ते मानधन, त्याला पगार म्हणायचं नाही. आणि 2025 च्या जुलैपासून तुझ्या धाकट्या बहिणीची आहाराची पाकिटं देताना आईचा चेहरा मोबाईलला ओळखावा लागतो. रेंज गेली की आई आईसारखी दिसत नाही.

हे सगळं आम्ही निभावून नेलं असतं रे. पण तू जातोस कुठे?

भाऊबीज झाली की ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक येतो. आईबापांनी पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. तू कोयत्यात धरला जात नाहीस, वरकड म्हणून ट्रकमध्ये चढतोस. दहिवेल, कोंडाईबारीचा घाट, नवापूर, आणि मग बारडोलीकडचा ऊस. पहाटे आई फडात, तू बांधावर, बहीण साडीच्या झोळीत. झोळीला झोका देणं हे तुझं काम. साडेतीन वर्षांच्या मुलाची जबाबदारी कशी विकसित होते यावर आमच्याकडे प्रशिक्षण असतं, त्यात हा उपक्रम अजून आलेला नाही.

आमची व्यवस्था राज्यव्यापी आहे, हे तू समजून घ्यायला हवं होतं. राज्य संपलं की ती संपते. नवापूरच्या पलीकडेही अंगणवाड्या आहेत, योजनाही तीच, 1975 चीच. पण तिथल्या यादीत तू पाहुणा आणि इथल्या यादीत गैरहजर. स्थलांतरितांचा माग काढणारी एक प्रणालीही राज्याने काही जिल्ह्यांत सुरू केली. माग काढणं आम्हाला छान जमतं. मागोमाग जाणं जमत नाही.

भाषेचंही बोलायला हवं. घरी तू कोकणा नाहीतर भिली बोलतोस. बाजारात अहिराणीत ‘माले भूक लागनी’ म्हणतोस. अंगणवाडीत प्रमाण मराठीत हत्तीची सोंड मोजतोस आणि वैशाखापर्यंत गुजरातीत भांडायलाही शिकून येतोस. चार भाषा झाल्या. आमच्या रकान्यात तू भाषाविकासात मागे आहेस.

या सगळ्या गोंधळाचं खापर मी बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडकांवर फोडतो. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या. वारल्यांची पोरं शाळेत येईनात, कारण कुणाच्या कडेवर भावंडं, कुणाच्या मागे गुरं. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी पोरांना नोटीस काढली नाही, शाळाच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. खडे, शिंपले, बिया ही खेळणी. पुढे 1957 ला कोसबादला गेल्या, तिथे गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. अंगणवाडी हा शब्द या बायकांच्या कामातून आला आणि आम्ही तो फलकावर रंगवला. शाळेने पोरांच्या मागे जायचं असतं, ही असली भलती सवय या बायकांनी लावून ठेवली. त्या हिशेबाने आज एक ताई आणि एक वजनकाटा ट्रकमध्ये चढवून बारडोलीला पाठवावा लागेल. दोन राज्यांच्या सचिवांना एका टेबलाशी बसवावं लागेल. त्यापेक्षा तूच थांब, ते सोपं.

तेव्हा यंदा दिवाळीनंतर गावातच राहावं. आईबापांशिवाय राहायचं कसं, जेवायचं कुठे, याबाबत स्वतंत्र आदेश नाहीत.

तुझा,
एक पिंपळनेरकर

प्रत माहितीसाठी : मुकादम. नोव्हेंबर ते एप्रिल तू नेमका कुठल्या गावच्या कुठल्या फडावर असतोस, हे त्याच्या वहीत लिहिलेलं आहे.