खंड्या हाताखालचा नव्हे

निवृत्तीनंतरचा पहिला महिना सत्काराच्या शाली कपाटात बसवण्यात जातो. दुसऱ्या महिन्यात माणूस स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावू लागतो, आणि तिसऱ्यात सूनबाई अतिशय गोड आवाजात विचारतात, ‘बाबा, तुम्ही फोटोग्राफी का नाही करत?’ प्रस्तुत मार्गदर्शन या टप्प्यावर पोचलेल्यांसाठी आहे. बागकामाला बाग लागते, गाण्याला गळा लागतो. फोटोग्राफीला ग्रॅच्युइटी पुरते.

खरेदीची घाई करू नये. आयुष्यभर तीन कोटेशनांशिवाय स्टेपलर न घेतलेल्या माणसाने कॅमेऱ्यासाठी निदान तुलनात्मक तक्ता करावा, चार महिने यूट्यूब पाहावे आणि शेवटी दुकानदार म्हणेल तो घ्यावा. दुकानात ‘पक्ष्यांचे फोटो काढायचेत’ हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नये. ते गेले की काउंटरमागून १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स निघते. तिचे वजन दोन किलोच्या आसपास असते आणि डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केलेली असते. तरी ती घ्यावीच. नाहीतर पक्षी ठिपक्याएवढे येतील आणि प्रत्येक फोटोबरोबर ‘तो बघा, फांदीच्या डावीकडे’ असे निवेदन द्यावे लागेल. घरी किंमत विचारली गेल्यास खोटे बोलू नये. हप्ता सांगावा.

आता थोडे तंत्र. अपर्चरच्या आकड्याने नवखा माणूस गोंधळतो, कारण आकडा जितका मोठा तितके भोक लहान. हुद्दा वाढला की काम कमी होते, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला हे जड जाऊ नये. लख्ख उन्हात अपर्चर एफ १६ वर ठेवावे आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्यावरून घ्यावा. आयएसओ १०० तर सेकंदाचा शंभरावा भाग. रोलच्या जमान्यातला हा नियम, पण लाइट मीटर नसलेल्यांनी त्यावर आयुष्ये काढली. हात थरथरत असेल तर (असतोच) ६०० मिलिमीटरच्या लेन्सवर शटर सेकंदाच्या सहाशेव्या भागाहून संथ ठेवू नये, आणि उडत्या पक्ष्याला दोन हजारावा भागही कधी कधी पुरत नाही. हे सगळे पाठ करून चारचौघांत म्हणून दाखवावे. मग हळूच डायल ऑटोवर फिरवावी.

खरा अभ्यासक्रम पुढे आहे. तीस-पस्तीस वर्षे आपण बेल वाजवली की कोणीतरी आत येत असे. खंड्या येत नाही. कॅमेरा पिशवीत आहे तोवर तो तारेवर छाती काढून बसलेला असतो. चेन उघडल्याचा आवाज झाला की उठतो. त्याला मेमो देता येत नाही, त्याची बदली करता येत नाही, आणि त्याचा गोपनीय अहवाल लिहायची सोय शासनाने ठेवलेली नाही. कवड्या खंड्या तर त्याहून उर्मट. तो पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, आपण फोकस लावतो, आणि फोकस लागल्या क्षणी तो सूर मारतो. आपल्याकडे पाण्याच्या वर्तुळांचा अत्यंत सुस्पष्ट फोटो उरतो.

म्हणून सुरुवात वेड्या राघूवर करावी. नाव काहीही असो, हा पक्षी वागायला शहाणा. किडा पकडायला झेपावतो आणि पुष्कळदा पुन्हा त्याच काटकीवर येऊन बसतो. म्हणजे पहिली संधी हुकली तर त्याच्या मागे धावायचे नाही, काटकीवर फोकस लावून गप्प उभे राहायचे. काही न करता उभे राहण्याचा पगार पूर्वी मिळत असे. आता मिळत नाही, एवढाच फरक.

पुणेकरांनी हिवाळ्यात कवडीपाटला जावे. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेचा जुना बांध आहे. तिथे चक्रवाक येतात. लडाख-तिबेटकडची निळीशार तळी सोडून, हिमालय ओलांडून, ते पुण्याच्या सांडपाण्यात का उतरतात हे त्यांनाच ठाऊक. पाण्यावर फेस असतो, थर्माकोल असतो, एखादी चप्पलही असते. फ्रेमिंग म्हणजे यातले नेमके काय वगळायचे ते ठरवणे. पुस्तकांतली एक तृतीयांशाची रेघ नंतर आखली तरी चालते. ज्यांना फ्रेममध्ये चप्पल अजिबात नको त्यांनी उजनीच्या पाणलोटावर भिगवणला जाऊन होडीतून रोहित पाहावेत. तिथे होडीवाला सांगेल त्या बाजूला बघावे. तो सांगतो ते बरोबर असते.

आग्फा क्लिक थ्री हाताळलेल्यांना मात्र एक सवय जड जाते. त्याच्या रोलमध्ये १२ फोटो निघत, आणि त्या बारांत गणपती, बारसे, महाबळेश्वर आणि नवी स्कूटर असा सगळा संसार बसवायचा असे. आताचा कॅमेरा एका सेकंदात दहा-वीस फोटो काढतो. परिणामी एका सकाळीत एका बगळ्याचे सहाशे फोटो घरी येतात, आणि त्यातला एकही पुसवत नाही. जुनी नस्ती नष्ट करायला समिती लागते, तशी इथेही नेमावी. अध्यक्षपद सौभाग्यवतींकडे द्यावे. ‘हे सगळे एकच तर आहेत’ एवढ्या एका शेऱ्यावर त्या साडेपाचशे निकाली काढतात.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते. सिलिका जेल ठेवावे.

राहिला सेवाज्येष्ठतेचा प्रश्न. पाणवठ्यावर तुमच्या शेजारी एकोणीस वर्षांचा एक मुलगा पालथा पडलेला असेल. त्याला पक्ष्याचे नाव आवाजावरून कळते. तुम्ही उभ्याने, वरच्या कोनातून फोटो घेत असता, म्हणून पाठमोऱ्या डोक्याखेरीज काही हाती लागत नाही. पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा आला तरच फोटोत जीव येतो, आणि तुतारी नावाच्या पक्ष्याची डोळ्यांची पातळी चिखलापासून वीतभर असते. तो मुलगा मान न वळवता म्हणेल, ‘काका, खाली. झोपा.’ आपण उपमहाव्यवस्थापक होतो हे त्या क्षणी सांगू नये. झोपावे. पँटचा विषय घरी निघेलच. उत्तर परतीच्या वाटेत तयार करावे.