औषध येईल तेव्हा येईल, आधी दिवा द्या

ऊन न लागता कातडी सावळी करणारं औषध अमेरिकेच्या प्रयोगशाळेत जन्मलं. पण त्याची खरी आस कुणाला असेल, तर ती इंदापुरात पेरूच्या बागेत राबणाऱ्या त्या बाईला, जिच्या बोटांवर आणि ओठांच्या कडेला कोडाचे पांढरे डाग उठलेत आणि जी लग्नाच्या पंगतीत वाढायला पुढे होत नाही.

कातडीतल्या पेशींना ‘रंग तयार करा’ असा निरोप देणारं एक संप्रेरक आपल्या शरीरात असतं. ते लगेच विरून जातं. १९८० च्या दशकात अ‍ॅरिझोना विद्यापीठात व्हिक्टर ह्रुबी, मॅक हॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या बराच वेळ टिकणाऱ्या प्रतिकृती बनवल्या. उन्हाआधीच कातडी सावळी झाली तर गोऱ्या माणसांना त्वचेचा कर्करोग कमी होईल, हा त्यामागचा विचार. विचार चांगला होता. त्याचा बाजार मात्र वाईट झाला. ‘मेलॅनोटॅन-२’ नावाच्या कुप्या आणि नाकात मारायचे फवारे आज इंटरनेटवर विनापरवाना विकले जातात. अंगावरचे तीळ काळे पडल्याच्या, त्यांचा आकार बदलल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि ब्रिटन-ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी इशारेही दिलेत. कोड जावं म्हणून मोबाईलवरून असली कुपी कुणीही मागवू नये. अजिबात नाही.

याच घराण्यातलं दुसरं औषध मात्र रीतसर परीक्षा देऊन पुढे आलं. त्याचं नाव अफामेलॅनोटाइड. तांदळाच्या दाण्याएवढी कांडी कमरेच्या हाडाच्या वर कातडीखाली सारतात, ती साधारण दोन महिने काम करते. युरोपात २०१४ मध्ये आणि अमेरिकेत २०१९ मध्ये तिला मान्यता मिळाली ती एका दुर्मिळ आजारासाठी. या आजारात रक्तातला एक घटक साचत जातो आणि साध्या उजेडानेही कातडीला आग लागल्यासारख्या वेदना होतात. ज्या माणसांचं अख्खं आयुष्य पडद्याआड गेलं, ती या कांडीमुळे दिवसा अंगणात येऊ लागली. औषधाचं सोनं होणं म्हणजे हेच.

आणि कोड? २०१५ मध्ये ‘जामा डर्मेटॉलॉजी’त ५५ रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. निम्म्यांना फक्त अतिनील किरणांचा दिवा, बाकीच्यांना दिवा आणि ही कांडी. १६८ दिवसांनी नुसत्या दिव्याने सुमारे ३३ टक्के रंग परतला, दोन्ही मिळून सुमारे ४९ टक्के. आणि सावळ्या-काळ्या कातडीत हा फरक जास्त ठळक दिसला, म्हणजे आपल्यासारख्या कातडीत! एक अडचण आहे. डागांबरोबर आजूबाजूची कातडीही काळवंडते, मग सुरुवातीला डाग उलट जास्त उठून दिसतात. दुसरी अडचण किमतीची. ब्रिटनमध्ये एका कांडीची जाहीर किंमत १२,०२० पौंड, म्हणजे बारा लाख रुपयांच्या पुढे. कोडासाठी तिला अजून मान्यताही नाही.

पण आकडे पुन्हा वाचा. तेहतीस टक्क्यांचं काम नुसत्या दिव्याने केलं. तो दिवा काही दुर्मिळ नाही. ३११ नॅनोमीटरच्या नळ्या लावलेलं कपाटासारखं यंत्र असतं. डोळ्यांना काळा चष्मा लावून माणूस आत उभा राहतो, पहिल्या दिवशी काही सेकंदच, मग कातडी सोसेल तसा वेळ वाढवतात. चेहरा लवकर दाद देतो, बोटांची टोकं आणि ओठ फार चिवट. आठवड्यातून दोन-तीन वेळा, कित्येक महिने. खरा अडथळा हाच आहे. इंदापूरहून पुणे सुमारे १४० किलोमीटर. आठवड्याला दोनदा एवढं जायचं-यायचं, तर तिकिटाचे पैसे वेगळे आणि बुडालेला रोज वेगळा. चौथ्या आठवड्यात माणूस जायचं सोडतो, आणि घरचे म्हणतात, या रोगाला औषधच नाही.

मग लोक बावचीकडे वळतात. आपल्या माळावर, बांधावर उगवणारं हे झाड. त्याच्या बियांत सोरालेन असतं, जे उन्हाशी मिळून खरोखरच रंग आणतं, आणि आधुनिक वैद्यकाने याच तत्त्वावर उपचार बसवले. जुन्या वैद्यांचं निरीक्षण पक्कं होतं. पण दुकानातून तेल आणून, अंदाजाने चोपडून एप्रिलच्या उन्हात बसलं की अंगावर टरारून फोड येतात. मात्रा मोजणारा डॉक्टर जवळ नसला, तर हे औषध भाजून काढतं.

आणि उपचारापेक्षा जास्त भाजतात ते शब्द. भिगवणला मासे खाऊन वर दूध प्यायलं म्हणून कोड उठलं, असं अजून छातीठोकपणे सांगतात. साफ खोटं आहे. शरीराची संरक्षणव्यवस्थाच रंगाच्या पेशींवर उलटते, म्हणून डाग येतात. शिवण्याने, एका ताटात जेवण्याने कोड पसरत नाही, आणि महारोगाशी त्याचं काही नातं नाही. तरी सोयरीक मोडते. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची ‘श्वेता असोसिएशन’ कोड असलेल्यांसाठी झटते आहे. २००६ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘नितळ’ काढला, चेहऱ्यावर डाग असलेली नायिका पडद्यावर ताठ उभी केली. दोन्ही कामं थोर. पण पाहुणे मुलगी बघायला येतात तेव्हा आत्या अजूनही पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज काढून ठेवते.

आता पुन्हा दिव्याकडे. शेजारच्या बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. माझं मागणं साधं आहे. असा दिवा तिथे रोज चालू राहील आणि दुसरा इंदापूरच्या सरकारी रुग्णालयात बसेल, एवढं बघा. दोन्हीकडे एक तंत्रज्ञ नेमा, आणि महिन्यातून एकदा बारामतीचा त्वचारोगतज्ज्ञ इंदापूरला पाठवून मात्रा तपासून घ्या. वेळ मात्र सकाळी दहा ते एकची ठेवू नका. संध्याकाळी सातपर्यंत ठेवा, कारण कारखान्याची पाळी, शाळा आणि शेतातला रोज सुटल्यावरच माणसं येऊ शकतात.