खरड्याचा डब्बा

अर्जुनी मोरगावहून वडशाला बदली झाल्याचं कळलं तेव्हा बँकेतल्या सहकाऱ्यांनी आधी अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, "डब्बे जमवले का?" आदेश सावकाश येतो, डबे आधी शोधायचे असतात, हे पाचव्या बदलीला तरी मला ठाऊक असायला हवं होतं. पण दर वेळी नव्या गावात सामान लागलं की मी मोठ्या औदार्याने सगळे डबे भंगारवाल्याला देऊन टाकतो. यापुढे आता बदली नाहीच, अशी त्या क्षणी माझी खात्री असते.

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो, तुम्ही ज्याला पुठ्ठ्याचं खोकं म्हणता त्याला आमच्याकडे खरड्याचा डब्बा म्हणतात. शब्द आमचाच बरा. राजकारणाने अलीकडे खोक्याची अशी काही किंमत करून ठेवली आहे, की बँकेच्या कॅशियरने भर बाजारात "खोकी आहेत का हो?" असं विचारणं बरं दिसत नाही.

सामान हलवून देणाऱ्या नागपूरच्या एका कंपनीला फोन लावून पाहिला होता. त्यांनी सांगितलेल्या आकड्यात आमचं अर्धं सामान नवं आलं असतं. तेव्हा छोटा हत्ती ठरवला आणि बांधाबांध घरीच करायची असं ठरलं.

पहिली फेरी किराणावाल्या सेठकडे. गावात तुमची पत किती, हे बँकेपेक्षा सेठ किती डबे देतो त्यावरून नेमकं कळतं. "तुमच्यासाठी नाही तर कोणासाठी जी," म्हणत त्याने तीन काढून दिले. मला हवे होते तीस. डबा फुकट असतो, पण रिकाम्या हाताने रिकामा डबा मागायला जीभ रेटत नाही. म्हणून पहिल्या दिवशी दोन किलो साखर घेतली, दुसऱ्या दिवशी चहापत्ती, तिसऱ्या दिवशी फिनेल. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "सामान कमी करायचं चाललंय की वाढवायचं?" हिशेब केला तेव्हा मिळालेल्या अकरा डब्यांपैकी चार त्या चार दिवसांच्या खरेदीनेच भरले होते.

डब्यांच्याही जाती असतात. साबणाच्या डब्यात कपडे छान राहतात, पण त्यात चुकून पोहे भरले तर पुढचा महिनाभर नाश्त्याला लक्सचा वास. बिस्किटांचा डबा दिसायला ऐसपैस, उचलला की तळ सोडतो. तेलाच्या पाऊचचा डबा मजबूत, पण त्यातला एखादा पाऊच कधी काळी फुटलेला असतोच. माझ्या शब्दकोशाचा एक खंड अशाच डब्यामुळे कायमचा पारदर्शक झाला आहे.

भांड्यांसाठी पोती हवी होती. आमचा गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा, पावलापावलावर राइस मिल, इथे पोत्यांना काय तोटा? हा समज बाहेरच्या माणसाचा. धानखरेदी सुरू झाली की "बारदान्याअभावी खरेदी ठप्प" ही बातमी इथल्या पेपरात पाहुण्यासारखी येते आणि राहून जाते. सहाशे ग्रॅमच्या आसपास भरणारं रिकामं पोतं मिळत नाही म्हणून चाळीस किलो धान ताडपत्रीखाली पावसाची वाट बघत पडून असतं. अशा जिल्ह्यात कढया भरायला पोतं मागणं म्हणजे दुष्काळात आंघोळीला पाणी मागण्यासारखं. मिलवाल्या एका खातेदाराने सहा पोती दिली, पण मोजून दिली आणि दोनदा विचारलं, "परत येतील ना जी?" कर्ज देताना आम्हीसुद्धा इतक्या काळजीने विचारत नाही.

माळ्यावरून वडिलांची लोखंडी ट्रंक निघाली. झाकणावर त्यांनी पांढऱ्या रंगाने लिहिलेला पत्ता अजून शाबूत, शेवटी "जि. भंडारा". १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, ही बातमी त्या ट्रंकेपर्यंत पोचलेली नाही. वडिलांची बदली एक ट्रंक, एक वळकटी आणि पाण्याची कळशी एवढ्यात उरकायची. त्यांना डबे कसे लागले नाहीत, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, "भरायला काय होतं?"

कपबशांसाठी रद्दी आणणार होतो, पण आईने हाणून पाडलं. शाई लागते म्हणे. ती घरमालकांच्या गोठ्याकडे गेली आणि कवळभर तणीस घेऊन आली. मे महिना, उन्हाळी धानाची कापणी चाललेली. हल्ली हार्वेस्टर फिरला की तणीस बांधीतच विस्कटून पडते, पण घरमालक अजून जनावरं बाळगून असल्याने त्यांच्याकडे जुन्या खरिपाची कोरडी ठणठणीत तणीस होती. आईने एकेका कपाच्या पोटात मूठभर तणीस दाबली, कानाभोवती एक वेढा दिला आणि शेजारच्या कपाला टेकवून बसवला. हलवून पाहिलं. आवाज नाही. बबल रॅप म्हणून जे आपण विकत आणतो, ते १९५७ साली अमेरिकेत दोघांच्या हातून भिंतीला लावायचा कागद करता करता तयार झालं. भिंतीवर ते कोणी लावेना, म्हणून पुढे सामानाभोवती गुंडाळायला लागले. तणशीला असा भूतकाळ नाही. तिचा भविष्यकाळही चांगला असतो, कारण सामान उतरलं की गाय खाते.

कपबशा बांधून झाल्या, पण काचेचे ग्लास, बरण्या, मसाल्याच्या बाटल्या राहिल्या. यासाठी जगात एकच उत्तम डबा आहे, हे प्रत्येक बदलीवाल्याला माहीत असतं आणि कोणीही ते मोठ्याने बोलत नाही. आत खरड्याच्या पट्ट्यांनी पाडलेले बारा खण, प्रत्येकात एक ग्लास. पव्व्यांचा असेल तर अठ्ठेचाळीस खण, जिऱ्या-मोहरीपासून बडीशेपेपर्यंत सगळ्यांना स्वतंत्र खोली. दुकानदाराने हसत हसत आठ दिले. त्याच्याकडून काही विकत घ्यावं लागलं नाही, एवढं इथे नमूद करतो. ते आठ डबे सायकलवर बांधून मी भर दुपारी, रस्त्यावर कोणी नसेल अशा वेळी निघालो. नेमके त्याच वेळी आमचे तीन ठेवीदार आणि मुलाचे वर्गशिक्षक भेटले.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षातच आली नाही. अर्जुनीहून वडसा हाकेच्या अंतरावर आहे, पण वडसा गडचिरोली जिल्ह्यात येतं, आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे.

हद्दीवर गाडी थांबवली. हवालदाराने ताडपत्री वर केली आणि पुढे एका रांगेत नामांकित व्हिस्कीचे आठ डबे. तो माझ्याकडे बघतच राहिला. चोरून नेणारा माणूस इतक्या उघडपणे नेत नाही, हे त्यालाही कळत असावं, म्हणून तो जरा गोंधळलाही होता.

"काय आहे जी यात?"

"ग्लास," मी म्हणालो. उत्तर खरं होतं, पण त्याने प्रकरण अधिकच बिघडलं.

पहिला डबा उघडला. ग्लास. दुसरा उघडला. हळद, धने, ओवा. तिसऱ्यातली एक बाटली त्याने उघडून नाकाशी नेली आणि पाठोपाठ चार शिंका दिल्या. ती मिरपूड होती. राहिलेले पाच त्याने वरूनच दाबून पाहिले. मग मागच्या कोपऱ्यातल्या साध्यासुध्या बिस्किटांच्या डब्यावर हात ठेवला. माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या डब्यात आईने जीव लावून वाळवलेली पाच किलो मोहफुलं होती.

त्याने मूठभर काढून तळहातावर घेतली. आई पुढच्या सीटवरून, मांडीवरचं देवांचं डबडं न हलवता म्हणाली, "लाडू करते जी. तिळासोबत कुटून."

"आमची आजीही करायची," तो म्हणाला. दोन फुलं तोंडात टाकली आणि ताडपत्री खाली ओढली.

वडशात सामान लावता लावता संध्याकाळ झाली. रिकामे डबे घराबाहेर एकावर एक रचून ठेवले होते, व्हिस्कीचे आठही त्यात आले. तणीस समोरच्या घरची गाय खात होती. अंधार पडल्यावर शेजारचे काकाजी चपला न वाजवता आले. आमची विचारपूस केली, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं, आणि मग डब्यांकडे नजर टाकत आवाज उतरवून म्हणाले, "साहेब, त्यातलं काही उरलं आहे का?"

मी सगळं सांगितलं. ग्लास, मसाले, हवालदार, मिरपूड. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वरचा डबा उचलला, आत वाकून पाहिलं, वास घेतला.

"बरं मग डब्बाच नेतो," म्हणाले. "पोरीच्या बांगड्या राहतील."